ऑनलाइन मुलाखती : उमेदवारांचे अनुभव आणि आपली जबाबदारी

१ जून १९४८ रोजी राज्य परिवहनाची पहिली एसटी धावली ती पुणे–अहमदनगर रस्त्यावर. आपल्या जिल्ह्याला या गोष्टीचा अभिमान आहे व तो योग्यच आहे. परंतु नोकरी शोधणाऱ्या मुलांच्या दृष्टीने त्या रस्त्याचा आणखी एक अर्थ होता. मुलाखतीचे पत्र आले की पहाटेची एसटी पकडायची, हे आपल्याकडे दोन-तीन पिढ्यांनी केले. नगरहून पुणे सुमारे १२० किलोमीटर. जामखेड, शेवगाव, पाथर्डी किंवा अकोले तालुक्यातील मुलाला ते त्याहूनही लांब. चौदा तालुक्यांचा आपला जिल्हा क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा असल्यामुळे कित्येकांना नगर गाठण्यातच अर्धा दिवस जातो.

आम्ही स्वतः २०१२ साली बँकेच्या लिपिक पदाच्या मुलाखतीला असेच गेलो होतो. शिवाजीनगरच्या स्थानकावर तोंड धुतले, पिशवीत घडी मोडू नये म्हणून वर्तमानपत्रात गुंडाळलेला थोरल्या भावाचा शर्ट अंगात घातला आणि वेळेच्या दोन तास आधी जाऊन बसलो. शिपायाने नाव पुकारले. आत एक टेबल होते, आमच्यासाठी एक खुर्ची होती, डोक्यावर पंखा होता, पाण्याचा पेला झाकून ठेवलेला होता. त्या खोलीतील एकही वस्तू आमची नव्हती. आमच्या आधी बसलेल्या मुलाला तीच खुर्ची होती, आमच्या नंतरच्या मुलीलाही तीच. आमचे घर पत्र्याचे आहे की स्लॅबचे, हे त्या खुर्चीवरून कोणाला दिसत नव्हते.

ही गोष्ट तेव्हा आमच्या लक्षात आली नव्हती. गेल्या पाच-सहा वर्षांत आपल्या मुलांच्या ऑनलाइन मुलाखतींचे अनुभव ऐकताना ती लक्षात आली. पूर्वी उमेदवार मुलाखतीच्या खोलीत जात असे. आता मुलाखतीची खोली उमेदवाराने स्वतःच पुरवायची असते. हा बदल काय आहे, त्यात आपल्या मुलांचा लाभ किती व तोटा कोठे, आणि आपण सभासदांनी त्यात काय करावयाचे, हे सांगण्यासाठी हा लेखप्रपंच.

बदल कसा झाला

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. सर्वच मुलाखती ऑनलाइन झालेल्या नाहीत. केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६ पासून गट 'ब' (अराजपत्रित), गट 'क' आणि गट 'ड' या पदांच्या मुलाखतीच बंद केल्या. आमच्या लिपिक पदालाही आता मुलाखत नाही. पूर्व व मुख्य अशा दोन परीक्षांवर निवड होते. बँकेच्या प्रोबेशनरी अधिकारी पदाला मात्र मुलाखत आहे व अंतिम यादीत मुख्य परीक्षेला ८० टक्के आणि मुलाखतीला २० टक्के भार असतो. संघ लोकसेवा आयोगाची व्यक्तिमत्त्व चाचणी २७५ गुणांची असून ती दिल्लीत समक्षच होते. २०२० साली करोनामुळे मध्येच थांबलेल्या चाचण्यादेखील आयोगाने त्याच वर्षी जुलै महिन्यात उमेदवारांना समक्ष बोलावून घेतल्या. रेल्वेसेवा पूर्ववत नसल्याने विमानभाडे दिले, पण पडद्यावर मुलाखत घेतली नाही. यावरून समक्ष भेटीला आयोग किती महत्त्व देतो हे विद्यार्थ्यांनी ध्यानात घ्यावे.

ऑनलाइन मुलाखतीचा खरा विस्तार झाला तो खाजगी क्षेत्रात. मार्च २०२० मध्ये देशभर टाळेबंदी लागली आणि कंपन्यांनी झूम, गूगल मीट, मायक्रोसॉफ्ट टीम्स अशा साधनांवर उमेदवारांना भेटावयास सुरुवात केली. राज्याच्या कौशल्य विकास विभागानेही त्या वर्षी रोजगार मेळावे ऑनलाइन घेतले. उमेदवाराने पोर्टलवर नाव नोंदवायचे व मालकाने फोनवर अथवा व्हिडिओ कॉलवर मुलाखत घ्यायची, अशी ती पद्धत होती. साथ ओसरली, कार्यालये उघडली, पण ही पद्धत गेली नाही. कंपनीचा खर्च वाचतो, एका दिवसात अधिक उमेदवार पाहता येतात, म्हणून किमान पहिली फेरी पडद्यावर घेण्याची रीत अनेक ठिकाणी कायम झाली. संगणक, लेखा, विमा, विक्री, ग्राहकसेवा आणि औषध कंपन्या या क्षेत्रांत जाणाऱ्या आपल्या मुलामुलींना तिला तोंड द्यावेच लागते. सरकारी जागा मोजक्या आणि उमेदवार लाखो, अशा काळात बहुसंख्य मुलांची पहिली नोकरी खाजगी क्षेत्रातच असणार, हे आपण मान्य केले पाहिजे.

या मुलाखतीचे प्रकार

साधारणपणे तीन प्रकार आढळतात. पहिला, थेट व्हिडिओ मुलाखत. ठरलेल्या वेळी आलेली लिंक उघडायची, पलीकडे एक किंवा अधिक अधिकारी असतात. दुसरा, केवळ फोनवरची मुलाखत. ही बहुधा प्राथमिक चाळणी असते व पूर्वसूचनेशिवायही येते. म्हणून अर्ज केल्यानंतर अनोळखी क्रमांकाचा फोन झटकून टाकू नये. तिसरा प्रकार सर्वांत अवघड, तो म्हणजे एकतर्फी मुलाखत. येथे समोर माणूसच नसतो. पडद्यावर प्रश्न उमटतो, विचार करण्यासाठी थोडे सेकंद मिळतात, मग उलटे मोजणारे घड्याळ सुरू होते व दोन-तीन मिनिटांत उत्तर रेकॉर्ड करावे लागते. कोणी मान हलवीत नाही, कोणी 'बरं' म्हणत नाही. एका विद्यार्थिनीने आम्हांला सांगितले, "काका, भिंतीशी बोलल्यासारखं वाटलं. चुकलं का बरोबर आलं, काहीच कळंना." उत्तम अभ्यास असूनही तिला तिसऱ्या प्रश्नाला बोलता आले नाही.

लाभाची बाजू

ऑनलाइन मुलाखतीत केवळ तोटाच आहे असे मुळीच नाही. पाथर्डी तालुक्यातील एका मुलीचे उदाहरण आम्हांस ठाऊक आहे. आईवडील ऊसतोडीला जाणारे, मुलगी आजीजवळ राहून बी. कॉम. झालेली. तिला पुण्याच्या एका खाजगी कार्यालयातून लेखा सहायक पदाची मुलाखत आली. समक्ष बोलावले असते तर एकटीला कोण पाठविणार, सोबत जायला कोणाचा खाडा करायचा, रात्री परत यायला गाडी मिळाली नाही तर उतरायचे कोठे, या तीन प्रश्नांतच ती मुलाखत संपली असती. मुलाखत ऑनलाइन असल्याने तिने ती मैत्रिणीच्या घरून दिली आणि तिची निवड झाली. निवड झाल्यावर मात्र घरचे लोक आपणहून तिला पुण्याला सोडावयास गेले. आधी नोकरी हाती आली, मग प्रवास झाला. हा क्रम मुलींच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे.

बसभाडे, जेवण आणि बुडालेली मजुरी हा खर्च वाचतो. एकाच महिन्यात चार ठिकाणी प्रयत्न करता येतात. अपंग उमेदवारांना जिने चढावे लागत नाहीत. एका मुलाखतीत अपयश आले तरी 'एवढा खर्च करून गेलो आणि हात हलवीत आलो' हे ओझे मनावर राहत नाही. हे सर्व लाभ खरे आहेत. म्हणूनच या पद्धतीला नावे ठेवून बाजूला होण्यात शहाणपण नाही.

तोटा कोठे होतो

आता दुसरी बाजू. अकोले तालुक्याच्या पश्चिमेला, कळसूबाईच्या डोंगररांगेत राहणाऱ्या एका मुलाला घरात मोबाइलची रेघ येत नव्हती. तो मुलाखतीसाठी टेकाडावर गेला. रेघ आली, पण वाराही आला. पलीकडच्या साहेबांना त्याच्या आवाजाऐवजी वाऱ्याचाच आवाज ऐकू जात होता. शेवटी तो एका ओळखीच्या जीपमध्ये काचा लावून बसला आणि घामाने निथळत उत्तरे देऊ लागला. "आपण प्रवासात आहात का? मुलाखतीसाठी वेळ काढता आला नाही का?" असा प्रश्न त्याला झाला. ज्याने त्या वीस मिनिटांसाठी तासभर पायपीट केली, त्याच्यावर बेफिकिरीचा ठपका आला.

नगर शहरातील दुसऱ्या एका मुलाचे घर एका खोलीचे. मुलाखतीच्या वेळी त्याची आई चाळीस मिनिटे बोळात उभी राहिली. कोणी हाका मारू नये, भांडी आपटू नयेत, मुलांनी दारासमोर खेळू नये म्हणून ती सर्वांना हात जोडत होती. तिने शेजारणीचा कुकरदेखील बंद करावयास लावला. हे सर्व साधले. पण मुलाखत ऐन रंगात असताना त्याच फोनवर मामांचा फोन आला व व्हिडिओ बंद पडला. मामा विचारीत होते, "झाली का मुलाखत?"

आणखी एक नेहमीचा अनुभव डेटाचा. तासाभराच्या व्हिडिओ कॉलला साधारण अर्धा ते एक जीबी डेटा लागतो. दिवसाला दीड जीबीचा पॅक असतो, तो घरात तिघे मिळून वापरतात. सकाळी भावाने क्रिकेटचा सामना पाहिला की दुपारच्या मुलाखतीला वेग उरत नाही. चित्र गोठते, ओठ हलतात व आवाज मागून येतो.

या मागून येणाऱ्या आवाजाचा परिणाम आपण समजतो त्याहून खोल आहे. जर्मनीतील संशोधकांनी २०१४ साली याविषयी एक अभ्यास प्रसिद्ध केला. दोन व्यक्तींच्या संभाषणात त्यांनी मुद्दाम उशीर घातला, जास्तीत जास्त सव्वा सेकंदाच्या आसपास. बोलणाऱ्यांना तो तांत्रिक दोष आहे हे नीट उमगले नाही. उलट समोरची व्यक्तीच कमी लक्ष देणारी आहे असे त्यांचे मत झाले. थोडक्यात, तारेचा दोष माणसाच्या माथी मारला जातो. पुण्यातील फ्लॅटमध्ये फायबरच्या जोडणीवर बसलेला उमेदवार आणि डोंगरावर बसलेला उमेदवार यांनी अगदी एकच उत्तर दिले, तरी एक हजरजबाबी व दुसरा मंद ठरण्याचा धोका आहे. त्यात मुलाखत इंग्रजीत असेल तर आपला मुलगा आधीच दबकून असतो. आवाज तुटला तरी 'पुन्हा सांगा' म्हणावयास धजत नाही, अंदाजाने उत्तर देतो आणि प्रश्न एक, उत्तर भलतेच, असा प्रकार होतो.

पाठीमागची भिंत

पडद्यावर उमेदवाराबरोबर त्याचे घरही येते. इंग्लंडमधील डरहॅम विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२३ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. निरनिराळ्या पार्श्वभूमीवरची माणसांची चित्रे लोकांना दाखवून ती व्यक्ती किती विश्वासू व सक्षम वाटते, असे विचारले. पाठीमागे पुस्तकांचे कपाट किंवा झाडे असली तर अधिक गुण मिळाले. घरातील बसण्याची खोली दिसली की कमी मिळाले. इंग्लंडमधील नीटनेटक्या दिवाणखान्याची ही कथा, तर जिच्या भिंतीला पोपडे आले आहेत, दोरीवर कपडे आहेत व कोपऱ्यात धान्याची कोठी आहे त्या खोलीचे काय होत असेल, याचा विचार वाचकांनी करावा.

आपल्या देशात तर भिंत आणखीही काही सांगते. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास आपल्या विद्यार्थ्यांनी अवश्य माहीत करून घ्यावा. वर्तमानपत्रांतील खाजगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना त्यांनी सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठविले. फरक फक्त नावाचा ठेवला. उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाच्या अर्जाला पुढचे बोलावणे येण्याची शक्यता सुमारे दोन-तृतीयांश निघाली आणि मुस्लिम नावाला सुमारे एक-तृतीयांश. त्याच वर्षी सुरिंदर जोधका व कॅथरीन न्यूमन यांनी कंपन्यांच्या भरती अधिकाऱ्यांशी बोलून लिहिले की, गुणवत्तेची भाषा बोलणारे हेच अधिकारी मुलाखतीत 'कौटुंबिक पार्श्वभूमी' आवर्जून विचारतात. पूर्वी ती पार्श्वभूमी विचारावी तरी लागत असे. आता ती उमेदवाराच्या डोक्यामागे आपोआप दिसते.

याबाबतीत आमच्या हातून एक चूक झाली, ती येथे सांगणे आम्ही कर्तव्य समजतो. शेजारचा एक मुलगा अभियांत्रिकी पदविका घेऊन दोन वर्षे घरी होता. त्याला ऑनलाइन मुलाखत आली. घरात धड उजेडाची एकच जागा, आणि तेथील भिंतीवर बाबासाहेबांचा मोठा फोटो. आदल्या संध्याकाळी तो आमच्याकडे येऊन म्हणाला, "काका, फोटो काढून ठेवू का तेवढ्यापुरता?" आम्ही बँकेतला माणूस, व्यवहार पाहणारा. आम्ही म्हणालो, "ठेव काढून. नोकरी लागली की पुन्हा लाव." तो गेला. पण त्या रात्री आम्हांला स्वस्थता लाभली नाही. ज्यांच्यामुळे त्या घरात पदविका आली, त्यांनाच वीस मिनिटे भिंतीवरून उतरवावयास आम्ही सांगितले होते.

दुसऱ्या दिवशी तो भेटला तेव्हा म्हणाला, "फोटो नाही काढला काका. खुर्चीच फिरवली. बाबासाहेब समोर होते, मागं दार आलं." त्या जागेचा उजेड आता पाठीमागून आल्यामुळे त्याचा चेहरा थोडा काळवंडला होता, असे पलीकडून सांगण्यात आले. ती नोकरी त्याला मिळाली नाही. कशामुळे ते कळले नाही, व कळण्याचा मार्गही नाही. पुढे दुसरीकडे मिळाली. परंतु वीस वर्षांच्या मुलाला असा प्रश्न मुळात पडावा आणि थोरांकडे त्याचे चांगले उत्तर नसावे, ही गोष्ट आम्हांला अजून खटकते. फोटो काढावा की ठेवावा, हे ज्याने त्याने ठरवावे. आपल्याला एवढेच करता येईल की ही निवड करण्याची पाळी त्याच्यावर येऊ नये.

पुरावा आणि यंत्र

१९८० च्या नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने अजय हासिया प्रकरणात निकाल दिला. प्रकरण श्रीनगरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील प्रवेशाचे होते. तेथे १५० पैकी ५० गुण मुलाखतीला होते आणि दोन-तीन मिनिटांच्या मुलाखतीत वडील कोण, राहता कोठे, असेच प्रश्न विचारले गेले अशी तक्रार होती. न्यायालयाने मुलाखतीचा इतका भार अवाजवी ठरविला व मुलाखती ध्वनिमुद्रित करणे इष्ट होईल असे सुचविले. त्या काळी टेपरेकॉर्डर लावणे हेच मोठे काम होते. आज पडद्यावरील मुलाखत एका कळीने मुद्रित होते. पण ते मुद्रण कंपनीजवळ राहते, उमेदवाराला मिळत नाही. शिवाय तो निकाल शासकीय स्वरूपाच्या संस्थेबाबतचा होता. खाजगी कंपनीत आरक्षण नाही आणि निवडीचे कारण सांगण्याचे बंधनही नाही.

काही ठिकाणी तर मुद्रित मुलाखत माणसाआधी संगणकच पाहतो व गुण देतो. हायरव्ह्यू या अमेरिकन कंपनीची प्रणाली पूर्वी चेहऱ्यावरील हावभावांचेही विश्लेषण करीत असे. त्यावर बरीच टीका झाली व जानेवारी २०२१ मध्ये ते बंद केल्याचे कंपनीने जाहीर केले. अमेरिकेतील इलिनॉय राज्यात १ जानेवारी २०२० पासून कायदा आहे की, व्हिडिओ मुलाखत कृत्रिम बुद्धिमत्तेने तपासावयाची असल्यास उमेदवारास आधी कळवावे, त्याची संमती घ्यावी आणि त्याने मागणी केल्यास ३० दिवसांत मुद्रण नष्ट करावे. आपल्याकडे व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली संमत झाला आहे. कायद्याच्या विद्यार्थ्यांनी या विषयाचा अभ्यास करावा, कारण पुढच्या पिढीचे रोजगाराचे प्रश्न येथेच लढले जाणार आहेत.

खोट्या मुलाखतींपासून सावध

हे बँकेच्या काउंटरवरून पाहिलेले आहे, म्हणून अधिक आग्रहाने सांगतो. एक तरुण 'सुरक्षा अनामत' भरावयास आला होता. त्याची ऑनलाइन मुलाखत झाली होती. पलीकडच्या साहेबांनी कॅमेरा बंदच ठेवला होता. दहा मिनिटांत निवड, संध्याकाळी ई-मेलवर नेमणूकपत्र आणि दुसऱ्या दिवशी लॅपटॉपच्या अनामतीची मागणी. आईच्या गळ्यातले गहाण ठेवून तो पैसे घेऊन आला होता. खाते कोणाचे म्हणून विचारले तर ते कंपनीचे नसून परराज्यातील एका व्यक्तीचे होते. समजावून त्याला परत पाठविले. तो आमच्यावर रागावूनच गेला. 'तुम्ही माझी नोकरी घालवली' असे म्हणाला.

लक्षात ठेवावे की, खरा मालक पगार देतो, पैसे मागत नाही. नोंदणी, प्रशिक्षण, गणवेश, लॅपटॉप यांपैकी कोणत्याही नावाने पैसे मागितले की ती फसवणूक समजावी. मुलाखतीच्या निमित्ताने मोबाइलचा पडदा दुसऱ्याला दाखविणारे अॅप घेण्यास सांगितले तर घेऊ नये. ओटीपी कोणालाही देऊ नये. 'तुमचे खाते आम्हांला वापरू द्या, महिन्याला कमिशन देतो' ही तर नोकरीच नव्हे. त्यात चोरीचा पैसा फिरतो आणि पोलीस खातेदाराच्या दारात येतात. फसवणूक झालीच तर लाजून घरात बसू नये. ताबडतोब १९३० या क्रमांकावर फोन करावा व बँकेला कळवावे. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम गोठविली जाण्याची शक्यता अधिक.

उमेदवारांसाठी काही सूचना

१. मुलाखतीच्या आदल्या दिवशी त्याच जागी, त्याच वेळी, त्याच फोनवरून मित्राला व्हिडिओ कॉल करून पाहावा. उजेड, आवाज, रेघ यांची परीक्षा होते.

२. खिडकी किंवा दिवा आपल्या समोर असावा, पाठीमागे नसावा. उजेड मागे असला की स्वस्त कॅमेऱ्यात चेहरा काळा दिसतो.

३. फोन हातात धरू नये. पुस्तकांच्या गठ्ठ्याला टेकवून डोळ्यांच्या उंचीवर ठेवावा. बोलताना पडद्यावरील स्वतःच्या चेहऱ्याकडे न पाहता कॅमेऱ्याकडे पाहावे.

४. वायरचा साधा इअरफोन वापरावा. घरातील आवाज कमी जातो व समोरचे स्पष्ट ऐकू येते.

५. त्या दिवशीचा डेटा राखून ठेवावा. शक्य असल्यास दुसऱ्या कंपनीचे सिम असलेला फोन जवळ ठेवावा. नातेवाइकांना वेळ आधीच सांगून त्या वेळेत फोन करू नका असे कळवावे.

६. आवाज तुटला तर अंदाजाने उत्तर देऊ नये. "सर, आवाज तुटला, प्रश्न पुन्हा सांगाल का?" असे शांतपणे म्हणावे. इंग्रजीतील हे एक वाक्य पाठ करून ठेवावे. त्यात कमीपणा नाही.

७. जोडणी तुटलीच तर लगेच पुन्हा लिंक उघडावी, न जमल्यास फोन किंवा ई-मेल करून कळवावे. त्यासाठी संपर्क क्रमांक आधीच कागदावर लिहून ठेवावा.

८. एकतर्फी मुलाखतीसाठी घड्याळ लावून दोन मिनिटांत एक मुद्दा बोलण्याचा सराव करावा. आपलेच रेकॉर्डिंग ऐकावे. पहिल्यांदा लाज वाटते, चौथ्यांदा सुधारणा दिसते.

आपली जबाबदारी

या सूचना पाळूनही एक खोलीच्या घराची दोन खोल्यांची जागा होत नाही. मुलाने कितीही तयारी केली तरी शांतता, उजेड व भरवशाचे इंटरनेट त्याला एकट्याने निर्माण करता येत नाही. येथेच संस्थेचे काम सुरू होते. आपण वाचनालय काढले, अभ्यासिका काढली, कारण घरात अभ्यासाला जागा नव्हती. त्याच न्यायाने आता मुलाखतीसाठी एक खोली काढली पाहिजे.

विहारालगतच्या अभ्यासिकेमागील लहान खोली रविवार सोडल्यास बहुधा बंदच असते. तिला एक टेबल, एक बरी खुर्ची, समोरून येणारा एक दिवा, वापरलेला पण चालू असा एक लॅपटॉप, वायरची इंटरनेट जोडणी आणि वीज गेली तर अर्धा तास टिकेल असा इन्व्हर्टर एवढेच लागेल. भिंतीला एकच फिका रंग द्यावा. दारावर नोंदवही ठेवावी. ज्याची मुलाखत असेल त्याने दिवस व वेळ लिहावी. ही खोली केवळ सभासदांच्या मुलांना नव्हे, तर वस्तीतील कोणाही उमेदवाराला खुली असावी. तालुक्याच्या गावी जेथे समाजमंदिर आहे तेथेही हे करता येईल.

खर्चाविषयी आमची एक नम्र सूचना आहे. दरवर्षी आपण गुणवंत विद्यार्थ्यांचा शाल व पुष्पगुच्छ देऊन सत्कार करतो. एक वर्ष टाळ्या वाजवून सत्कार करावा व ती रक्कम या खोलीला द्यावी. विद्यार्थी रागावणार नाहीत याची आम्ही खात्री देतो. उरलेल्या रकमेसाठी नोकरीतील सभासदांनी आपापल्या परीने वाटा उचलावा. आम्ही आमच्या वाट्याचे पैसे कोषाध्यक्षांकडे जमा केले आहेत.

पैशाइतकीच गरज माणसांची आहे. आपल्यात शिक्षक आहेत, परिचारिका आहेत, विमा व वीज खात्यातील मंडळी आहेत, निवृत्त अधिकारी आहेत. त्यांनी महिन्यातून एक रविवार लॅपटॉपच्या पलीकडे बसून सरावाची मुलाखत घ्यावी. ज्याने आयुष्यात पहिली मुलाखत आपल्या माणसासमोर दिली आहे, तो दुसरी परक्यासमोर देताना कमी अडखळतो. पहिल्या रविवारी सकाळी दहा ते बारा या वेळेत आम्ही स्वतः बसण्यास तयार आहोत.

शिवाजीनगरच्या त्या मुलाखतीत आम्हांला एक खुर्ची मिळाली होती, ती मालकाने ठेवली होती. आता मालक खुर्ची ठेवीत नाही. ती आपण ठेवू या. पुढील वर्षीच्या स्मरणिकेत लेखाऐवजी त्या नोंदवहीतील आकडा छापता आला, म्हणजे किती मुलामुलींनी त्या खोलीतून मुलाखत दिली हे सांगता आले, तर आम्हांला अधिक आनंद होईल.